मे अखेरीस जर्मनी: किती शहरं, काय खायचं?

ए-१०२: नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या शेवटी आम्ही चौघं (आई, बाबा, ही आणि मी) १२ दिवस जर्मनीला चाललोय. एजंटने दिलेली यादी अशी: बर्लिन, हॅम्बुर्ग, कोलोन, हायडेलबर्ग, म्युनिक आणि नॉयश्वानस्टाइनचा किल्ला. जाऊन आलेल्यांनी जरा सांगा. बाबांना बिअर आवडते, आई शाकाहारी आहे, अंडंही खात नाही.

सी-४०१: काहीही गाळा, कोलोन गाळू नका. १२४८ साली बांधायला घेतलेलं कॅथेड्रल १८८० मध्ये पूर्ण झालं. स्टेशनच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं की १५७ मीटरचे मनोरे समोर! मी तीन वर्षं तिथे नोकरीला होतो, रोज बघायचो, तरी मान वर जायचीच.

बी-७०३: अरे ए-१०२, १२ दिवसांत सहा ठिकाणं म्हणजे आईबाबांचे निम्मे दिवस बॅगा भरण्यात आणि फलाटावर जायचे. लेकीकडे एर्लांगेनला मी दोन खेपांत मिळून आठ महिने राहिले आहे, त्यावरून सांगते. शहरांची यादी बाजूला ठेव. आपण जातोय तेव्हा तिकडे हंगाम कशाचा आहे ते आधी बघ. आपण हुरडा आणि हापूस पाळतो, तशी ती माणसं हंगाम पाळतात. आणि तू नेमका श्पार्गेलच्या दिवसांत चालला आहेस.

डी-२०३: काकू, श्पार्गेल म्हणजे?

बी-७०३: पांढरा अॅस्परॅगस. शेतात मातीचे उंच वरंबे करतात, कोंब त्यांच्या पोटात वाढतो. ऊन लागलं की पांढरा रंग जातो, म्हणून डोकं वर काढायच्या आत एकेक कोंब हाताने कापतात. एप्रिलच्या मध्याला सुरुवात, आणि २४ जूनला, सेंट जॉनच्या दिवशी, कापणी बंद. पुढच्या वर्षासाठी झाडाला ताकद धरायला वेळ हवा ना. तेवढे दोन महिने हॉटेलांत श्पार्गेलचं वेगळं मेनूकार्ड निघतं.

न्युरेंबर्ग, फ्युर्थ आणि एर्लांगेनच्या मधोमध भाजीपाल्याचा पट्टा आहे, त्याचं नावच क्नोब्लाउख्सलांड, म्हणजे लसणीचा मुलूख. तिथे शेतकऱ्यांच्या टपऱ्यांवर ताजा माल मिळतो. दोन कोंब एकमेकांवर घासून बघायचे, करकर वाजले की ताजे. सालं मात्र टोक सोडून खालपर्यंत नीट काढायची, नाहीतर शेवगा चावल्यासारखे दोरे लागतात. ती सालं लेक टाकत नाही, त्याच पाण्यात सूप करते. चव अगदी हळवी असते. पहिल्या दिवशी मी वर तिखट भुरभुरलं आणि सगळी चव घालवली. दुसऱ्या दिवशी नुसतं लोणी आणि उकडलेले बटाटे, मग कळलं.

आईंसाठी दोन शब्द पाठ कर: 'ओने शिंकन', म्हणजे हॅमशिवाय, आणि 'झेरलासेने बुटर', म्हणजे वितळवलेलं लोणी. हॉलंडेज सॉस नको, त्यात अंड्याचा बलक असतो.

ए-१०२: हे लगेच लिहून घेतलं. आणि बाबांची बिअर?

सी-४०१: कोलोनची क्योल्श! ०.२ लिटरचा उभट ग्लास, कारण ती ताजी आणि गार असतानाच संपायला हवी. वेटरला तिथे कोबेस म्हणतात. ग्लास रिकामा झाला की तो न विचारता दुसरा ठेवतो आणि पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने रेघ ओढतो. पुरे झालं की चकती ग्लासवर झाकायची. बिल म्हणजे त्या रेघा मोजणं. फक्त तिथे बसून शेजारच्या ड्युसेलडोर्फची आल्टबिअर मागू नका, दोन्ही गावांची जुनी चुरस आहे.

बी-७०३: भाऊ, क्योल्श छानच. पण बिअर हे गावाचं रोजचं जगणं कसं असतं ते बघायचं तर फ्रँकोनिया, म्हणजे बव्हेरियाचा उत्तर भाग. तिथे वरच्या फ्रँकोनियात लोकसंख्येच्या मानाने बिअरच्या भट्ट्या जगात सगळ्यांत जास्त आहेत. बाबांना बांबेर्गला नक्की ने. तिथली राउखबिअर म्हणजे धुरावलेली बिअर. बार्लीला मोड आणून ती बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या जाळावर वाळवतात. पूर्वी बहुतेक माल्ट असाच जाळावर वाळायचा. बिनधुराच्या भट्ट्या आल्या आणि बाकीच्यांचा धूर गेला, श्लेंकर्ला आणि श्पेत्सिआल या बांबेर्गच्या दोन जुन्या घरांनी मात्र तो सोडला नाही. मी स्वतः घेत नाही, पण ग्लास नाकाशी नेला तर थेट निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचा वास आला! ह्यांना पहिल्या घोटाला आवडली नाही, संपेपर्यंत आवडायला लागली.

गावही तसंच. युद्धात बरंचसं वाचलं, १९९३ पासून जागतिक वारशात आहे. जुनी नगरपालिका थेट नदीत, पुलाच्या मधोमध उभी. कॅथेड्रलमध्ये पोप दुसरे क्लेमेंट यांची कबर आहे. आल्प्सच्या उत्तरेला पोपची कबर तेवढी एकच.

आणि तिथे 'केलर' म्हणजे तळघर. पण लोक तळघरात जाऊ म्हणत नाहीत, 'तळघरावर जाऊ' म्हणतात. फ्रीज नव्हते तेव्हा टेकडीच्या पोटात भुयारं खोदून बिअर ठेवायचे आणि आत गारवा राहावा म्हणून वर चेस्टनटची झाडं लावायचे. त्या सावलीत बाकं आली, तेच आजचे बिअर गार्डन. मे महिन्यात ती झाडं फुलून येतात, नऊपर्यंत उजेड असतो, आजी-आजोबांपासून बाबागाडीतल्या बाळापर्यंत सगळे एका बाकावर. आपणही अनोळखी माणसांच्या बाकावर 'इथे जागा आहे का' विचारून बसायचं आणि 'प्रोस्ट', म्हणजे चीअर्स, म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं.

जुन्या पद्धतीच्या बिअर गार्डनमध्ये घरचा डबा चालतो. टेबलावर कापड घातलेलं असेल तिथे नाही, उघड्या लाकडी बाकांवर. पेय मात्र त्यांचंच घ्यायचं. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. शेजारच्या आजोबांनी चटणी चाखली आणि त्यांच्या मुळ्याच्या पातळ, मीठ लावलेल्या चकत्या आमच्यापुढे सरकवल्या. बिअरबरोबर मुळा खाणारी माणसं आहेत ती! आईंना ब्रेत्सेल, म्हणजे गाठ मारल्यासारखा पाव, मुळा आणि आप्फेलशोर्ले, म्हणजे सफरचंदाचा रस आणि सोडा, एवढ्यावर संध्याकाळ मस्त जाईल.

ए-६०५: काकूंना अनुमोदन. प्रवासाचं सांगतो. बव्हेरिया राज्यातच फिरणार असाल तर बायर्न-तिकीट घ्या, एका तिकिटावर पाचजणांपर्यंत दिवसभर. फक्त प्रादेशिक गाड्यांत चालतं, आयसीई या वेगवान गाड्यांत नाही, आणि कामाच्या दिवशी सकाळी ९ नंतर. रविवारी दुकानं बंद असतात, दूध-ब्रेड शनिवारीच आणून ठेवा. मे-जूनमध्ये पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाचा सोमवारही सुटीचा असतो.

बी-७०३: पेंटेकॉस्टवरून महत्त्वाचं! एर्लांगेनची बेर्गकिर्खवाय. १७५५ पासूनची जत्रा, पेंटेकॉस्टच्या आधीच्या गुरुवारी सुरू होते, १२ दिवस चालते. टेकडीवर त्याच केलरांच्या दारात बाकं मांडतात. पेंटेकॉस्ट ईस्टरवर अवलंबून, त्यामुळे तारीख दरवर्षी हलते, तुझ्या दिवसांशी जुळते का बघ. शेवटच्या सोमवारी रात्री रुमाल हलवत, गाणं म्हणत शेवटचं पिंप चक्क जमिनीत पुरतात. लेकीबरोबर उभी होते, मला विसर्जनाची रात्र आठवली, घसा दाटून आला.

डी-२०३: काकू, न्युरेंबर्गमध्ये नुसता किल्लाच ना?

बी-७०३: नाही गं. ते शहर घाईत बघू नये. २ जानेवारी १९४५ च्या बॉम्बफेकीत जुना भाग जवळजवळ सगळा पडला, तो पुन्हा उभा केलाय. खडकात खोदलेली बिअरची भुयारं आहेत, त्यांत तेव्हा हजारो लोकांनी जीव वाचवले. आत गेलीस की कळतं, एकाच भिंतीत केवढं काय झालंय. आणि खोली क्रमांक ६००, नाझी पुढाऱ्यांवर जिथे खटला चालला. आईबाबांना दोन्ही दाखव, अर्धा दिवस जाऊ दे.

सी-४०१: बरं, माझीही तडजोड. शेवटचे ३ दिवस कोलोन, बाकी काकूंचा मुलूख?

ए-१०२: घरात वाचून दाखवलं. ठरलं! न्युरेंबर्गला ७ रात्री, तिथूनच बांबेर्ग आणि एर्लांगेन, मग कोलोन. एजंटला उद्या फोन करतो. आई विचारतेय, डब्यासाठी इथून काय न्यावं?

बी-७०३: तूप, पेढे, पनीर नको, युरोपात दुधाचे पदार्थ सामानातून आणू देत नाहीत. कोरडी चटणी आणि भाजणी ने. कांदा, तेल तिकडे मिळेल. तवा असलेली खोली बुक कर, थालीपिठं सकाळी तिथेच लावा. चटणी जरा जास्त घे, बाकावर वाटायला लागेल.