टेमर नदीच्या खोऱ्यातील जुन्या खाणी मोटारीशिवाय पाहण्यासाठी मुक्काम कुठे करावा?

नमस्कार मंडळी,

इंग्लंडच्या नैऋत्येला डेव्हन आणि कॉर्नवॉल या परगण्यांची हद्द आखत वाहणाऱ्या टेमर नदीच्या खोऱ्यात, मेअखेरीस वडिलांना घेऊन तीन-चार दिवस राहण्याचा विचार आहे. वडिलांची सारी नोकरी वणीकडच्या कोळसा खाणींत सर्वेक्षक म्हणून झाली. त्यामुळे या सहलीत दाट झाडी, नागमोडी नदी वगैरे माझ्या वाट्याला येणार आणि खाणीतले पाणी कसे उपसत, माल धक्क्यापर्यंत कसा उतरवत, हे प्रश्न त्यांच्या वाट्याला! अडचण अशी की मी तिकडे मोटार चालवणार नाही आणि वडिलांना गुडघ्यांमुळे लांब चढ झेपत नाहीत.

आतापर्यंतच्या वाचनातून एवढे कळले आहे की प्लिमथहून गनिस्लेकपर्यंत एक लहान रेल्वेमार्ग जातो, बेअर ऑल्स्टनला गाडी दिशा बदलते आणि पुढे कॅलस्टॉकच्या बारा कमानींच्या उंच पुलावरून नदी ओलांडते. हा पूल केवळ रेल्वेचा असल्याने पायी पलीकडे जाता येत नाही, आणि माझा सगळा घोळ इथेच होतो. कॅलस्टॉक, गनिस्लेक आणि कोटहील ही ठिकाणे कॉर्नवॉलच्या तीरावर आहेत, तर मॉरवेलहॅमचा जुना धक्का आणि 'डेव्हन ग्रेट कन्सोल्स' ही प्रसिद्ध खाण डेव्हनच्या तीरावर. नकाशावर समोरासमोर दिसणाऱ्या जागांसाठी गनिस्लेकच्या जुन्या दगडी पुलाला वळसा घालावा लागतो, असे दिसते. कॅलस्टॉकहून पलीकडे नेणारी होडी हल्ली चालते का, आणि चालत असल्यास ती भरतीच्या वेळेवर अवलंबून असते का?

मुक्कामासाठी माझ्यासमोर कॅलस्टॉक आणि टॅव्हिस्टॉक असे दोन पर्याय आहेत. कॅलस्टॉकला रेल्वे आहे. टॅव्हिस्टॉकचा लोहमार्ग 1968 साली बंद झाल्याने तिथे प्लिमथहून बसनेच जावे लागेल. तरीही वडिलांचा ओढा टॅव्हिस्टॉककडे आहे, कारण 1817 मध्ये खुला झालेला तिथला कालवा डोंगराखालच्या सुमारे अडीच किलोमीटर बोगद्यातून मॉरवेलहॅमच्या माथ्यावर पोहोचत असे आणि तिथून तांब्याचे खनिज उतरणीच्या रुळांवरून धक्क्यावरच्या जहाजांपर्यंत जाई. या कालव्याच्या काठाने गावातून निघणारी वाट सपाट आहे का, आणि गुडघेदुखीच्या माणसाला त्यातले थोडे अंतर चालून परत फिरता येईल का, हे कोणी सांगितल्यास मोठी मदत होईल.

मॉरवेलहॅमला जुन्या 'जॉर्ज अँड शार्लट' खाणीत छोट्या गाडीतून आत नेतात, असे वाचले. सध्या ही फेरी सुरू आहे का आणि गाडीत बसताना-उतरताना फार वाकावे लागते का? व्हिक्टोरियन पोशाखातल्या करमणुकीपेक्षा प्रत्यक्ष खाणकाम समजावणारा माणूस भेटला, तर वडील अधिक खूश होतील.

एक प्रश्न जरा काळजीचा आहे. 1844 साली तांब्याचा मोठा साठा सापडलेल्या डेव्हन ग्रेट कन्सोल्समध्ये, तांबे कमी होऊ लागल्यावर आर्सेनिक, म्हणजे सोमल, मोठ्या प्रमाणावर काढला गेला. धातुक भाजून त्याची वाफ लांब भुयारी नळ्यांत थंड करत आणि भिंतींवर साचलेली भुकटी मजूर खरवडून काढत. त्या परिसरातल्या राडारोड्यात आजही आर्सेनिक असल्याने आखलेल्या वाटा सोडू नयेत, हे ठीकच. पण दगड दिसला की तो हातात घेऊन निरखायची वडिलांना जन्माची सवय! तिथल्या वाटांवर प्रत्यक्ष फिरून आलेल्यांनी धुराडी आणि भट्ट्यांचे अवशेष वाटेवरूनच नीट दिसतात की नाही, ते कृपया सांगावे. दिसत नसतील, तर तो अर्धा दिवस मी कोटहीलच्या धक्क्यासाठी ठेवीन, जिथे 1899 साली बांधलेली 'शॅमरॉक' ही मालवाहू नौका जपून ठेवली आहे.

किट हिलची टेकडी 334 मीटर उंच असून माथ्यावर खाणीचे धुराडे आहे. गनिस्लेक स्थानकाहून तिथे टॅक्सी सहज मिळते, की आदल्या दिवशी सांगून ठेवावी लागते? परतीची शेवटची गाडी चुकू नये म्हणून हे आधीच ठरवायचे आहे.