पेपरचा पहिला खर्डा मराठीत लिहावा का?

सूरसागरकाठ

मी बडोद्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. पीएच.डी.चे विद्यार्थीही माझ्याकडे आहेत. गेल्या आठवड्यात एका विद्यार्थिनीचा पेपर जर्नलला पाठवायच्या आधी दोघी मिळून वाचत होतो, आणि तेव्हा माझं एक मत पक्कं झालं. ज्याच्या डोक्यात विचार मराठीत किंवा गुजरातीत चालतो, त्याने पहिला खर्डा त्याच भाषेत लिहावा. इंग्रजी नंतर.

घडलं ते सांगते. कापडाच्या रंगांनी खराब झालेल्या मातीतून तिने एक जिवाणू वेगळा काढला. निळ्या रंगाच्या द्रावणात तो सोडला की दोन दिवसांत द्रावण जवळजवळ पाण्यासारखं होतं. मॅन्युस्क्रिप्ट इंग्रजीत तयार होतं, चौदा पानं, आणि पानोपानी एकच शब्द: डिकलरायझेशन, म्हणजे रंग जाणं. वाचताना कुठे अडखळायला होत नव्हतं. मी म्हटलं, कागद बाजूला ठेव आणि काय झालं ते मराठीत सांग.

"मॅडम, रंग गेला."
"कुठे गेला?"
"जिवाणूने तोडला."
"तोडला, की जिवाणूच्या अंगाला चिकटला?"

ती गप्प झाली. मग वही काढली. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत, मारलेल्या पेशी त्याच रंगात टाकून तिने एक कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा प्रयोग, लावला होता, एकदाच. त्यातही बराच रंग उतरला होता. सेंट्रिफ्यूज केल्यावर तळाशी बसलेल्या पेशींच्या गोळ्याबद्दल समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: "पेलेट निळा". मेलेली पेशी एन्झाइम चालवत नाही. तिचा गोळा निळा झाला असेल, तर निदान काही रंग नुसता चिकटलाय. चौदा पानांत हे कुठेही नव्हतं. तिने ते मुद्दाम लपवलं नव्हतं. वाचलेल्या सगळ्या पेपरांत तो एक शब्द होता, तिने तो उचलला, आणि त्या शब्दाने तिला हा प्रश्न पडूच दिला नाही.

दुसरं कारण उसन्या वाक्यांचं. इंग्रजी सुचत नाही म्हणून मुलं दुसऱ्याच्या पेपरमधलं वाक्य घेतात आणि त्यातले शब्द बदलत बसतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत दुसऱ्याच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, तर मुलांचं सगळं लक्ष तो आकडा खाली आणण्यात. मराठीत लिहायला बसलं की उचलायला वाक्यच नसतं. जे लिहाल ते तुमचंच.

फतेगंजकर

ताई, तुमच्या विद्यार्थिनीला तुम्ही वाचवलंत हे खरं. पण श्रेय चुकीच्या जागी देताय. काम तुमच्या प्रश्नाने केलं, मराठीने नाही. इंग्रजीतही अ‍ॅडसॉर्प्शन (चिकटणं) आणि डिग्रेडेशन (तुटणं) हे दोन वेगळे शब्द आहेत. तुम्ही इंग्रजीत विचारलं असतं तरी ती तिथेच अडली असती.

मी रसायनशास्त्रातला. माझ्याकडे नियम असा की आधी एक अक्षर लिहायचं नाही. सगळे आलेख आणि तक्ते छापायचे, मोठ्या टेबलावर पत्त्यांसारखे मांडायचे आणि क्रम लावायचा. प्रत्येक आकृतीखाली मथळा लिहायचा: काय मोजलं, कशाच्या तुलनेत, किती वेळा. त्या मथळ्यांतून रिझल्ट्स निघतात. मेथड्स तर प्रयोग चालू असतानाच लिहून व्हायला हव्यात, सहा महिन्यांनी बफरचा पीएच कोणाला आठवतो? मग डिस्कशन, मग इंट्रोडक्शन, आणि सारांश सगळ्यात शेवटी. मेलेल्या पेशींचा कंट्रोल टेबलावर नाही हे तिथे आंधळ्यालाही दिसलं असतं.

मराठी खर्ड्याने काम दुप्पट होतं. शिवाय आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं. त्याचं इंग्रजी करताना मुलं लांबलचक वाक्यं ओढत आणतात आणि मुख्य दावा शेपटीला जातो. रिव्ह्यूअर, म्हणजे जर्नलसाठी पेपर तपासणारा, कोरियातला असेल, ब्राझीलमधला असेल. त्यालाही इंग्रजी परकीच. त्याला छोटं, सरळ वाक्य द्या. ती सवय इंग्रजीत लिहूनच लागते.

निळीवही

ज्या विद्यार्थिनीबद्दल चाललंय ती मीच. मॅडमना विचारून लिहितेय.

सर, तुमचं टेबल मला आवडलं. पण खरं सांगू? मी आलेख मांडले होते. मेलेल्या पेशींचा आलेख "सप्लिमेंटरीत (पेपरच्या पुरवणीत) टाकू" म्हणून मीच बाजूला ठेवला होता. एकदाच केलेला प्रयोग, एरर बार (मोजमापांतली तफावत दाखवणारी रेघ) नाही, मुख्य पेपरात शोभत नाही, असं वाटलं. आणि माझ्या इंग्रजी वाक्यांत त्याची उणीव कुठे भासतच नव्हती.

आणखी एक, जे मॅडमनाही तेव्हा सांगितलं नव्हतं. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. इंग्रजीची भीती अजून गेलेली नाही. म्हणून आधीच्या एका पेपरचा खर्डा एआयकडून सुधारून घेतला होता. मी लिहिलं होतं "मे सजेस्ट". त्याने केलं "डेमॉन्स्ट्रेट्स". वाक्य इतकं देखणं झालं की मी ते तसंच ठेवलं. रिव्ह्यूअरने नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं: हे दाखवणारा प्रयोग कुठे आहे? पेपर परत आला. दोष माझाच, नाव माझं होतं.

फतेगंजकर

निळीवही, हे उघड लिहिलंस, त्याबद्दल मनापासून आभार. याच कारणासाठी २०२३ पासून मोठ्या जर्नलांनी स्पष्ट केलंय की एआय लेखक होऊ शकत नाही, कारण तो जबाबदारी घेऊ शकत नाही. वापरला असेल तर तसं नमूद करायला सांगतात. माझा विरोध एआयने भाषा तपासायला नाही. क्रियापदं त्याच्या हाती द्यायला आहे. "सूचित होतं", "दिसतं", "सिद्ध होतं" यांतलं अंतर प्रयोग करणाऱ्यालाच माहीत असतं.

सूरसागरकाठ

सर, मग तेच तर मी म्हणतेय! "सूचित होतं" आणि "सिद्ध होतं" यांतलं अंतर तिला मराठीत जन्मापासून कळतं. "सजेस्ट" आणि "डेमॉन्स्ट्रेट" यांतलं तिने पाठ केलंय.

रावपुरा

मी विज्ञानाचा नाही, या शहराच्या इतिहासात रमणारा. इथे हा वाद नवा नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० साली रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांनी कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था उभी केली तेव्हा त्यांचा आग्रह होता की रंगकाम, यंत्रकाम, रसायनं हे सगळं मुलांना त्यांच्या भाषेत शिकवावं. रंगरेजाला आपल्या भाषेत रसायन कळलं की तो कारागिरीत स्वतः डोकं चालवेल, हा त्यामागचा हिशेब. तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्नही रंगाचाच निघाला, हे वाचून बरं वाटलं.

फतेगंजकर

काका, कलाभवनाबद्दल मला तुमच्याइतकाच अभिमान आहे. पण तिथे शिकणारा आणि शिकवणारा एकाच गावातले होते. जर्नलचा वाचक कुठला ते आपल्याला माहीत नसतं. भौतिकशास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोस बघा. १९२४ साली त्यांनी आपला लेख आइनस्टाइनना पाठवला तो इंग्रजीत. आइनस्टाइननी त्याचं जर्मन भाषांतर करून जर्मन नियतकालिकात छापून आणला. बंगालीवर त्यांचं जिवापाड प्रेम, पण जगाशी बोलायचं तेव्हा जगाची भाषा घेतली.

सूरसागरकाठ

आणि त्याच बोसांनी १९४८ मध्ये बंगालीत विज्ञान नेण्यासाठी बंगीय विज्ञान परिषद काढली. पेपर मराठीत छापा असं मी कधी म्हटलं? आइनस्टाइननी भाषा बदलली, बोसांच्या मांडणीचं काही बिघडलं नाही, कारण आतला विचार पक्का होता. आमच्या मुलांचं उलटं होतं. आतलं कच्चं असताना वरची इस्त्री कडक होते.

आकडेमोड

मी वैद्यकीय संशोधनाची आकडेवारी बघते, माझ्याकडे खर्डे शेवटच्या आठवड्यात येतात. तुम्ही दोघं भाषेवर भांडताय आणि मला निळीवहीच्या एका शब्दाची काळजी वाटतेय: "एकदाच".

मुली, तुझ्या मुख्य आलेखावर "एन = ३" लिहिलं असेल, म्हणजे प्रयोग तीनदा केला. ते तीन म्हणजे तीन वेगवेगळ्या वेळी वाढवलेले जिवाणू, की एकाच फ्लास्कमधून घेतलेली तीन रीडिंग्ज? दुसरं असेल तर ते एकच निरीक्षण आहे, तीनदा मोजलेलं. आणि एरर बार स्टँडर्ड डेव्हिएशनचा (निरीक्षणं किती विखुरलीत) की स्टँडर्ड एररचा (सरासरी किती नेमकी), हे मथळ्यात लिही. स्टँडर्ड एरर नेहमीच लहान दिसतो, म्हणून लोक तो निवडतात आणि सांगत नाहीत. हे मराठीत लिहिलंस काय आणि इंग्रजीत लिहिलंस काय, चूक ती चूकच.

लेखकांच्या नावांचंही आत्ताच उरकून टाका. वैद्यकीय जर्नलांचे चार निकष सरळ आहेत: कामात खरा वाटा, लिखाणात किंवा तपासणीत वाटा, अंतिम मजकुराला संमती, आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. चारही हवेत. मशीन वापरू दिलं म्हणून नाव घालायचं नसतं, त्यासाठी आभाराचा परिच्छेद आहे. सबमिशनच्या रात्री नावावरून रडणारी मुलं मी पाहिली आहेत.

निळीवही

ताई, एकाच फ्लास्कची तीन रीडिंग्ज. मुख्य आलेखातसुद्धा.

आकडेमोड

मग घाई करू नकोस. २०२२ च्या यूजीसी नियमांनी प्रबंधाआधी पेपर छापलाच पाहिजे ही देशभराची सक्ती काढली आहे. तुझ्या विद्यापीठाचा नियम बघून घे. प्रयोग पुन्हा करायला वेळ मिळत असेल तर तो घे.

फतेगंजकर

ताईंशी मी शंभर टक्के सहमत. आता सूरसागरकाठताईंना एक अडचण विचारतो, वादासाठी नाही. माझ्याकडे एक तमिळ, दोन गुजराती आणि एक बिहारची मुलगी आहे. प्रत्येकाने आपल्या भाषेत खर्डा लिहिला तर मी वाचू काय? मार्गदर्शकाला न वाचता येणारा खर्डा तपासणार कोण? कव्हर लेटरची, म्हणजे पेपरसोबत संपादकाला जाणाऱ्या पत्राची, एक साधी चूक सांगतो. माझ्या एका पेपराच्या पत्रात आधी नाकारलेल्या जर्नलचं नाव तसंच राहिलं होतं. त्याच संध्याकाळी पेपर परत. चार लेखकांपैकी कोणीही ते पत्र पुन्हा वाचलं नव्हतं. जे चौघांना वाचता येत होतं त्याची ही गत. जे एकालाच वाचता येतं त्याचं काय होईल?

सूरसागरकाठ

हा मुद्दा बिनतोड आहे. यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. तेव्हा माझी मागणी कमी करते. चौदा पानं नकोत. एक पान. काय केलं, काय दिसलं, त्यावरून काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही. आपल्या भाषेत, हाताने, संदर्भ न उघडता. मार्गदर्शकाला ते वाचता येत नसेल तर विद्यार्थ्याने समोर बसून तोंडाने सांगावं, जमेल त्या भाषेत. मग तुमचं टेबल, तुमचे मथळे, तुमचा क्रम, सगळं मान्य.

फतेगंजकर

एक पान असेल तर मी अडवणार नाही. पण माझ्या लॅबमध्ये आधी टेबल, मग पान. क्रम बदलणार नाही.

सूरसागरकाठ

आणि माझ्या लॅबमध्ये आधी पान. टेबलावर काय मांडायचं हे आधीच ठरलेलं असेल तर टेबल तेवढंच दाखवतं. तिने आलेख बाजूला ठेवला तो टेबलावर पोचायच्या आधी.

निळीवही

मी काल रात्री पान लिहिलं. तिसऱ्याच ओळीला अडकले: "जिवंत पेशींनी रंग तोडला असं आम्ही म्हणतो, कारण…" कारणापुढे लिहायला माझ्याकडे काहीच नव्हतं. म्हणून सकाळी लॅब उघडल्याबरोबर नवीन मांडणी केली. जिवंत पेशी वेगवेगळ्या तीन कल्चरमधून, मेलेल्याही त्याच तिन्हींमधून, आणि एक फ्लास्क नुसत्या रंगाचा. या वेळी एकाच तरंगलांबीवर न मोजता पूर्ण स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो त्याचा आलेख, घेणार आहे. रंगाचा बंध तुटला असेल तर दृश्य भागातलं शिखर जाऊन अतिनील भागात नवीन काहीतरी दिसायला हवं. नुसता चिकटला असेल तर शिखर फक्त बुटकं होईल.

परवा दुपारी फ्लास्क काढायचे आहेत. गोळ्याचा रंग काय येतो ते इथे लिहीन.