ट्रायकोडर्मा वापरूनही हरभऱ्याला मर का लागते?

ट्रायकोडर्मा वापरूनही हरभऱ्याची रोपे पिवळी पडून वाळली, म्हणून ते निरुपयोगी ठरते, असे काही जण म्हणतात; मला मात्र दोष वापराच्या पद्धतीत दिसतो. ट्रायकोडर्मा ही जिवंत बुरशी आहे. ती मर रोगाच्या फ्युजॅरियम बुरशीच्या तंतूंना विळखा घालते, विकरांनी (एन्झाइमांनी) त्यांच्या पेशीभित्तिका विरघळवते आणि मुळांभोवतीची जागा आधीच व्यापते. पण त्यासाठी तिला ओल आणि सेंद्रिय खाद्य लागते. भर उन्हात कोरड्या रानात फेकलेली भुकटी तग धरत नाही. मी पेरणीपूर्वी पंधरा दिवस ती पूर्ण कुजलेल्या शेणखतात मिसळून ढीग सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवतो. उकरल्यावर पांढरट-हिरवी बुरशी दिसली की शेवटच्या कुळवणीबरोबर ते खत रानात मिसळतो. (कच्चे शेण मुळीच नको, त्यातून मुळे खाणारी हुमणी अळी येते.) शिवाय किलोभर बियाण्याला पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळून बीजप्रक्रिया करावीच. फ्युजॅरियम पिकाशिवायही जमिनीत सहा वर्षांपर्यंत टिकते, त्यामुळे रोपाचे खोड उभे चिरल्यावर आत तपकिरी रेघ, म्हणजे मर रोगाची खूण, दिसत असेल, तर त्या रानात विजय किंवा दिग्विजयसारखा मर प्रतिकारक वाणच पेरावा आणि ट्रायकोडर्माची जोड दरवर्षी द्यावी.