जाळीची पट्टी सोनोग्राफीत दिसते का? नागपूर-वर्धा भागात तपासणी करायची आहे, मदत हवी

खोकताना लघवी सुटत असल्यामुळे माझ्या आईवर (वय ५८) अडीच वर्षांपूर्वी एका खाजगी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. मूत्रमार्गाखाली जाळीची पट्टी बसवली, एवढेच आम्हांला कळले; डिस्चार्ज कार्डावर पट्टीचा प्रकारही लिहिलेला नाही. गळणे थांबले, परंतु गेल्या वर्षापासून लघवीला धार लागत नाही. निंदणाच्या दिवसांत ती पऱ्हाटीचे तास अर्धे सोडून धुऱ्याआड जाते आणि अर्धवट उठून पुढे झुकते, तेव्हा कुठे थोडी लघवी होते. मांडीच्या आतल्या बाजूला कळही येते.

तालुक्याला दोनदा पोटाची सोनोग्राफी केली. दोन्ही रिपोर्ट नॉर्मल आले, त्यांत जाळीचा उल्लेखही नाही, आणि वयामुळे असे होते म्हणून आमची बोळवण झाली. (दिवसभर वावरात राबणाऱ्या बाईचे हे वय!) अमेरिकेत अशा जाळीवर बंदी आल्याचे ऐकल्यापासून आई फार धास्तावली आहे. नेमकी कोणती तपासणी करावी?

प्रतिसाद (स्त्रीरोगतज्ज्ञ):

ताई, २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधे व वैद्यकीय साधनांची नियामक संस्था) ज्या जाळीची विक्री थांबवली, ती अंग बाहेर येण्याच्या तक्रारीसाठी योनिमार्गातून बसवण्याची होती. आईंची पट्टी वेगळी आहे. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची ही पट्टी सीटी किंवा एमआरआयमध्ये नीट ओळखू येत नाही, सोनोग्राफीत मात्र ठळक पांढरी दिसते, फक्त प्रोब (सोनोग्राफीत अंगावर टेकवतात तो भाग) पोटावर न ठेवता खालून, योनिमुखाशी ठेवावा लागतो. यंत्र तेच चालते, पण पाहणारा डॉक्टर या कामाचा सरावलेला हवा. जोर करायला लावून पट्टी मूत्रमार्गाला कितपत आवळते, ती दुमडली किंवा सरकली आहे का, हे तो पाहतो. लघवीनंतर मूत्राशयात किती लघवी उरते, हेही मोजायला सांगा. झुकल्याशिवाय लघवी होत नसेल, तर पट्टी घट्ट बसल्याची शंका आधी घ्यावी. मूत्राशयात जाळी उघडी पडल्याचा संशय आला, तर दुर्बिणीनेच खात्री होते. पट्टीची टोके मांडीकडे गेली असतील, तर ती सोनोग्राफीत फारशी सापडत नाहीत. तिथली वेदना हाताने तपासूनच समजते.

नागपूरला किंवा सेवाग्रामला जाण्याआधी 'ट्रान्सपेरिनियल (म्हणजे वर सांगितलेली, खालून करायची) सोनोग्राफी करता का' असे फोनवर विचारून घ्या, नाहीतर पुन्हा पोटाचीच होईल. मूळ रुग्णालयाकडे शस्त्रक्रियेच्या नोंदींसाठी आजच लेखी अर्ज द्या. प्रत ७२ तासांत द्यावी लागते, परंतु कागद जपण्याचे बंधन तीनच वर्षांचे आहे आणि तुमची अडीच उलटली आहेत.