‘ब्रँचिंग’ला काय म्हणायचं: फांदी, फूट की फुटवा?

विचारणा, सांगली
भांगेच्या पैदाशीवरचा मजकूर मराठीत आणतोय. धाग्यासाठी दाट पेरली की ती सोटासारखी सरळ वाढते, फांद्या फारशा धरत नाही. लांब लांब लावली की चहूकडे पसरते. काही वाणांची मुळातच ठेवण वेगळी, आणि निवड करताना ती बघतात. मी ‘शाखीभवन’ लिहिलं. वडिलांना वाचून दाखवलं तर म्हणाले, “हे कुठल्या गावचं देवस्थान?”

तासगावहून
वडिलांचं बरोबर आहे. द्राक्षबागेत फांदी हा शब्द क्वचितच निघतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर ओलांड्यावरचा, म्हणजे वेलीच्या आडव्या हातावरचा, डोळा फुटला की ती फूट, तीच पिकून तपकिरी झाली की काडी. पानाच्या बगलेतून येते ती बगलफूट. ती हातानं खुडायची. बायकांना ‘शाखा काढा’ म्हणालात तर बँकेत जातील.

वाळव्याहून
उसात फूट नाही, फुटवा. तो बुडातनं येतो. जेठा, म्हणजे पहिला मुख्य, कोंब मोडला की फुटवे जोर धरतात. भांग बुडातनं अशी फुटत नाही, तेव्हा हा शब्द तिथं नको.

साताऱ्याहून
‘बगलफूट’ गावठी वाटते म्हणून पुस्तकात ‘कक्षस्थ कलिका’ लिहितात. पण कक्ष म्हणजे काखच की! बगल फारसीतून आली, तीही काख. इंग्रजी ‘ॲक्सिल’च्या मुळाशी लॅटिन ‘ॲक्सिला’, पुन्हा काख. मग आपल्या बगलेनंच काय घोडं मारलंय?
ठेवणीसाठी भुईमुगाकडं बघा: उपट्या, निमपसऱ्या, पसऱ्या. शब्द तयार आहेत.

वाळव्याहून
पसऱ्या चालेल. उपट्या नको. त्याच्या शेंगा बुडाशी गोळा असतात, झाड उपटलं की सगळ्या हातात येतात, म्हणून उपट्या. ते नाव काढणीचं आहे, आकाराचं नाही. ‘उभट’ लिहा.

साताऱ्याहून
मान्य, हे लक्षात आलं नव्हतं. आणखी एक, ‘हेम्प’ला, म्हणजे धाग्याच्या भांगेला, ताग लिहू नका. आपण हिरवळीच्या खताला गाडतो तो ताग शेंगवर्गातला, भांगेचा कुणी लागत नाही. ‘गांजाचं झाड’ सगळेच म्हणतात, पण 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे फुला-फळांवर आलेले शेंडे. प्यायची भांग पाल्याची, चरस राळेचा.

विचारणा, सांगली
आता असं केलंय: “उभट वाणात शेंडा पुढं धावतो, बगलेतले डोळे दबून राहतात. शेंडा मारला की दोन्ही बगलांतून फूट निघते.” दोन्ही अशासाठी की भांगेची खालची पानं समोरासमोर असतात. वर फुलोऱ्याकडं मात्र एकाआड एक.

तासगावहून
‘शेंडा मारला’ झकास. आमच्याकडं सबकेनला, म्हणजे काडीला पोटकाडी फुटावी म्हणून, सातव्या पानावर मारतात. वडिलांना परत वाचून दाखवा.

विचारणा, सांगली
दाखवलं. म्हणाले, “हे कळलं. पण भांग कशाला लावतोयस?”