आम्हाला रिकामं बसू द्या की!

गोदाकाठचा_निवांत
कालपासून तीन ग्रुपांवर एकच लेख येऊन पडलाय, 'साठीनंतर रिकामे बसू नका'. रोज दहा हजार पावलं चाला, नवी भाषा शिका, एखादं वाद्य शिका, शब्दकोडी सोडवा म्हणजे मेंदू गंजत नाही, दिवसाचं वेळापत्रक करून फ्रिजवर चिकटवा. खाली सूर्योदय आणि जोडलेले हात. पाठवणाऱ्यांत माझा व्याहीही आहे, म्हणून तिथे गप्प बसलो. इथे बोलतो.

मी ३४ वर्षं ओझरला नोकरी केली. कंपनीची बस चुकू नये म्हणून ३४ वर्षं घड्याळाकडे बघत दात घासले. आता परत वेळापत्रक? फ्रिजवर?

माझी सकाळ ऐका. साडेपाचला जाग येते, पण उठत नाही. पाण्याची मोटर कुणी चालू केली, कुणाचा कुकर लागला, हे पडल्या पडल्या ओळखतो. सहाला चहा येतो. त्यात कालची बाजरीची भाकरी. रात्रभरात ती कडक होते. तुकडा बुडवला की कड भिजते आणि मधला भाग कुरकुरीत राहतो, तेवढ्यात तोंडात गेला पाहिजे. एक क्षण उशीर झाला की तुकडा कपात, आणि मग चमचा शोधत बसा. ६९ वर्षांचा झालो तरी अजून दोन दिवसांतून एकदा चुकतो.

मग पेपर, मागच्या पानावरून पुढे. कोडं मीही सोडवतो, पण 'आडवे सात' अडलं की तसंच ठेवून देतो. गंजू दे.

आणि पावसाळ्यात गंगापूर धरणाचं पाणी सोडलं की गंगेवर, म्हणजे आपल्या नाशिकच्या गोदावरीवर. पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं का, कमरेला आलं का, बघत पुलावर उभं राहायचं. हातात कुरमुऱ्यांच्या भत्त्याचा पुडा. दोन तास कुठे जातात कळत नाही. याचा कुणाला काही उपयोग नाही, मलाही नाही. पण यासारखं सुख नाही. कुणाची हरकत?

पायी_चालणारा
माझी हरकत आहे. तो लेख पुढे पाठवणाऱ्यांत मी पण आहे.
माझे थोरले बंधू असेच 'निवांत' झाले. सोफा, टीव्ही, चहा. तीन वर्षांत खालून उठताना आधार लागायला लागला, मग जिना बंद, मग बाथरूमला जाताना पडले. खुब्याचं ऑपरेशन. आज वहिनी ७१ व्या वर्षी त्यांना धरून उठवतात. तुमचं रिकामं बसणं फक्त तुमचं नसतं काका, ते कुणाच्या तरी कमरेवर बसतं. मी रोज पहाटे ट्रॅकवर असतो. दहा हजारच्या खाली एक दिवस नाही.

आकडेमोड
दहा हजाराचा आकडा कुठल्या वैद्याने दिलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याचं नावच 'मान्पो-केई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. विकायला गोल आकडा बरा. पुढे २०१९ साली अमेरिकेत सुमारे १७ हजार वयस्कर बायकांचा अभ्यास झाला, सरासरी वय ७२. रोज ४४०० पावलं चालणाऱ्यांतसुद्धा मृत्यूचं प्रमाण २७०० वाल्यांपेक्षा बरंच कमी निघालं, आणि ७५०० च्या पुढे फारसा फरक पडला नाही.

पायी_चालणारा
बरं, ७५००. खूश? पण शून्य तर नाही ना म्हटलं त्यांनी? काका, घरापासून गंगेवर जाऊन येऊन किती पावलं होतात?

गोदाकाठचा_निवांत
रिक्षाने जातो.

पायी_चालणारा
🙏

इंदिरानगरची_आजी
सगळं वाचलं. 'सहाला चहा येतो.' कुठून येतो हो? गंगापूरमधून सोडतात का?
आणि ती बाजरीची भाकरी आदल्या रात्री कोण थापतं?

माझं वय ६७. मी घरात ४५ वर्षं काम करतेय. मला ना निरोप समारंभ, ना घड्याळ, ना शाल. आमचे हे निवृत्त झाले त्या दिवसापासून माझं काम वाढलं. आधी डबा दिला की संध्याकाळपर्यंत घर माझं होतं. आता अकराला 'काहीतरी खायला आहे का', चारला परत तेच. रिकामं बसायचं की दहा हजार पावलं चालायची, हा वाद तुम्हा पुरुषांचा. माझी पावलं ओट्यापासून टेबलापर्यंत कुणी मोजली तर तुमचे ट्रॅकवाले मागे पडतील.

माझं सुख सांगू? महिन्यातून एकदा आम्ही तिघी एसटीने सप्तशृंगी गडावर जातो. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हापासूनचा नेम. खिडकीची जागा, पिशवीत भाजलेल्या शेंगा. वर पायऱ्या चढत नाही, सरळ फ्युनिक्युलर ट्रॉली. देवीपुढे काही मागत नाही. 'आज भाजी काय' हे दिवसभर कुणी विचारत नाही, एवढं पुरतं. ह्यांना डब्यात खिचडी ठेवलेली असते. ती गरम करायला फोन येतो, पण गडावर कधी कधी रेंज नसते. (असते.)

आकडेमोड
आजी, एक दुरुस्ती. ६५ पूर्ण झाल्यावर ज्येष्ठ म्हणून तुम्हाला तसंही अर्धंच तिकीट होतं. आणि ७५ झाली की पूर्ण फुकट, ऑगस्ट २०२२ पासून.

इंदिरानगरची_आजी
माझ्या मैत्रिणी साठीच्या आहेत. आणि ७५ पर्यंतची वाट तुम्हीच बघा.

भांडीबाजार
मी साधारण गप्प असतो, पण आज राहवत नाही.
गोदाकाठचे दादा, तुम्ही भत्ता खात ज्या पुलावर उभे राहता, तिथून हाकेच्या अंतरावर माझं भांड्यांचं दुकान आहे. धरणाचा विसर्ग वाढला की रात्री दोनला उठून आम्ही बापलेक कुकरचे खोके माळ्यावर चढवतो. पितळेचं काही नाही, धुतलं की झालं. कुकरचा खोका ओला झाला की गिऱ्हाईक त्याला नवा मानत नाही, सेकंडच्या भावात मागतं. नंतर चार दिवस गाळ. आणि पुलावर तुमची जत्रा. २०१९ ला रविवार होता, ४ ऑगस्ट. त्यामुळे तर अख्खं शहर. मी गुडघाभर पाण्यात खोका डोक्यावर घेऊन उभा, आणि एक गृहस्थ वरून म्हणतो, 'काका जरा बाजूला व्हा, दुतोंड्या दिसत नाही.'
तुमचं सुख तुम्हाला लखलाभ.

गोदाकाठचा_निवांत
तो मी नव्हतो एवढंच सांगतो. २०१९ ला मी गाडगे महाराज पुलाच्या बाजूला होतो.

जुनं_नाशिक
२०१९ ला काही विशेष नव्हतं. २००८ चा सप्टेंबर आठवा. त्या पाण्यापुढे १९ म्हणजे ओहोळ.

भांडीबाजार
ओहोळ?? माझ्या दुकानात १९ ला पाणी तिसऱ्या फळीला होतं.

जुनं_नाशिक
आमच्या गल्लीत ८ ला जास्त. मी स्वतः जिन्याच्या पायऱ्या मोजल्यात.

वाड्यातला
तुम्ही दोघंही कालची पोरं. ६९ चा पूर बघितलाय का कुणी? मी चौथीत होतो. आमच्या वाड्यातून आजोबांना खाटेसकट उचलून काढलं. त्यांनी हातातली पानाची चंची सोडली नाही.

सिडकोकर
तेव्हा गंगापूर धरण होतं का?

वाड्यातला
होतं ना भो. १९६५ ला पूर्ण झालं. म्हणून काय पूर थांबतो?

नाल्याकाठी
सराफ बाजार आणि दहीपुलाच्या लोकांचं दुखणं वेगळंच आहे. आमच्याकडे धरणातून थेंब सुटला नाही तरी पाणी येतं. सरस्वती नाला वरून बांधून टाकला, तो जोराचा पाऊस झाला की तुंबतो आणि रस्त्यावर येतो. तासाभराच्या पावसात गाड्या वाहून जाताना पाहिल्यात. ते बघायला पुलावर कुणी येत नाही, कारण तिथे मारुती नाही.

पूररेषेतला
आणि निळ्या पूररेषेत घर असलेल्यांचं कोण बोलणार? २००८ नंतर रेषा आखल्या, तेव्हापासून आमच्या जुन्या वाड्याची वीटही हलवता येत नाही. पाडता येत नाही, बांधता येत नाही, विकायला गेलं तर घेणारा नकाशा काढतो.

धरणउशाला
मूळ प्रश्न पाण्याचा आहे. आमच्या उशाला धरणं आणि उन्हाळ्यात आम्हीच टँकरच्या रांगेत. २००५ च्या कायद्यापासून समन्यायी पाणीवाटपाच्या नावाखाली सगळं पैठणच्या जायकवाडी धरणाला.

सिडकोकर
विषय काय होता? म्हाताऱ्यांनी बसायचं की चालायचं.

पैठणची_लेक
धरणउशाला, मी पैठणची, लग्न होऊन नाशिकला आले. तुमचा दुतोंड्या बुडतो ते पाणी नांदूरमधमेश्वरवरून आमच्या नाथसागरात, म्हणजे जायकवाडीतच येतं. माझे वडील ८१ वर्षांचे. ऑगस्ट लागला की रोज रात्री फोन, 'तुझ्या मारुतीच्या कुठवर आलं?' कमरेला म्हटलं की म्हणतात, 'बरं झालं, आता जेवतो.' आणि तुम्ही म्हणता आमचं पाणी नेलं.

धरणउशाला
तुमच्या वडिलांशी माझं भांडण नाही. कायद्याशी आहे.

पायी_चालणारा
म्हणजे बघा, ८१ वर्षांच्या माणसालाही रोजचं एक काम आहे. माझा मुद्दा हाच!

गोदाकाठचा_निवांत
हे काम आहे का? हे तर अगदी माझंच चाललंय, फक्त फोनवरून.

असो. तीन उत्तरं देतो आणि थांबतो.
चालण्याबद्दल: तुमच्या बंधूंचं वाचून वाईट वाटलं. उद्यापासून परतताना चालत येईन, जाताना रिक्षाच. पावलं मोजणार नाही.
आजी: चहा सौ. करते. भाकरीही तीच थापते. तुमचं उत्तर तिला वाचून दाखवलं. चूक झाली. तिने फोन मागून घेतला, तुमचं उत्तर दोनदा वाचलं आणि विचारलं, गडाची गाडी किती वाजता असते.
भांडीबाजारवाले दादा, तुमच्यापुढे बोलायला तोंड नाही. पण बघायला येणं मला सुटणार नाही, खोटं कशाला बोलू.

इंदिरानगरची_आजी
सकाळी सातची गाडी. त्यांना म्हणावं शेंगा मी आणते, तुम्ही नुसत्या या. आणि तुमची खिचडी तुम्ही करा, गरम करायला फोन करू नका.

भांडीबाजार
आत्ताच कळलं, दुपारी विसर्ग वाढवतायत. या बघायला. फक्त पुलावर उभं राहायच्या आधी दुकानात या, पंचवीस खोके वर चढवायचेत आणि मुलगा पुण्याला गेलाय. चालणाऱ्यांनाही बोलवा, जिन्यावर पावलं होतील त्यांची.

पायी_चालणारा
टोमणा कळला. येतो. तीनला चालेल?

जुनं_नाशिक
मी पण येतो. माळ्याच्या भिंतीवर ८ सालची रेघ असेल ना? एकदा बघूच काय खरं ते.

भांडीबाजार
रेघ होती. मागच्या दिवाळीला रंग दिला, त्यात गेली.

जुनं_नाशिक
म्हणजे ८ लाच जास्त होतं.