स्विस शिपायाची रायफल घरी असावी की शस्त्रागारात?

लिम्माटकाठ:
रविवारी संध्याकाळी विंटरथूर स्टेशनवर बराकीत परत निघालेली पोरं दिसतात. पाठीला सॅक, खांद्याला श्टुर्मगेवेर ९० रायफल. गाडीत चढली की रायफल गुडघ्यांत धरून मोबाइल बघत बसतात. आई पुण्याहून आली होती, तिनं ते पाहून डबाच बदलायला लावला. शेजारच्या स्विस आजी मात्र पिशवी उचलून त्या पोराला जागा करून देत होत्या.

इथे लष्करी सेवा पुरुषांना सक्तीची आहे. १८ आठवड्यांचं प्रशिक्षण, मग काही वर्षं दरसाल तीन आठवड्यांची उजळणी. मधल्या काळात रायफल बहुतेकांच्या घरी. सेवा संपल्यावर परवाना आणि नेमबाजीची नोंद दाखवली की १०० फ्रँक भरून ती कायमची ठेवता येते, फक्त एकेक गोळी झाडणारी करून.

धागा काढायचं कारण घरातलं आहे. आमचा मुलगा इथला नागरिक आहे, पुढच्या वर्षी त्याला बोलावणं येईल. २०१० पासून रायफल शस्त्रागारात फुकट ठेवता येते. पण तो म्हणतो, "सगळे मित्र घरी ठेवतात, मीही ठेवणार."

सक्तीची सेवा राहू दे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दोन सेवांच्या मधे रायफल शस्त्रागारातच असावी, आणि ते ऐच्छिक असू नये. २०११ साली यावर सार्वमत झालं, ५६.३ टक्के लोकांनी नाही म्हटलं. ती चूक झाली असं मला मनापासून वाटतं. २००६ मध्ये स्कीपटू कोरिन रे-बेले आणि तिचा भाऊ, दोघांना तिच्या नवऱ्यानं गोळ्या घातल्या. नवरा लष्करी अधिकारी, पिस्तूल लष्कराचं. भांडणं कुठल्या घरात होत नाहीत? त्या रात्री हाताशी काय असतं, यावर सगळं ठरतं.

एमेनची_वाट:
पूर्ण असहमत. माझं सासर बर्नजवळच्या एमेनटाल खोऱ्यातलं. सासरे गावच्या नेमबाजी मंडळात आहेत. गावात ३०० मीटरची रेंज, शेजारी जेवणाची खोली, भिंतीवर १०० वर्षांच्या ढाली. शिपायाला दरवर्षी तिथे २० गोळ्यांची सक्तीची फैर झाडावी लागते, ८५ पैकी निदान ४२ गुण हवेत. नाही जमलं तर पुन्हा शिकायला जायचं. बंदूक सांभाळायची शिस्त या गावांत अशी आली.

आणि धोका कमी करायला काहीच केलं नाही, असं चित्र उभं करू नका. पूर्वी घरी ५० गोळ्यांचा सीलबंद डबा द्यायचे. तो परत घ्यायचा निर्णय २००७ मध्ये झाला. बोल्ट, म्हणजे ज्याशिवाय रायफल झाडताच येत नाही तो भाग, रायफलपासून वेगळा, कुलपात ठेवायचा नियम आहे. २००१ मध्ये इथल्या झूग राज्याच्या विधिमंडळात १४ जणांना मारणाऱ्यानं वापरलेली शस्त्रं लष्करानं दिलेली नव्हती, त्यानं ती विकत घेतली होती. तुमच्या उपायानं तो थांबला असता का?

राज्यानं नागरिकाच्या हाती शस्त्र द्यायचं आणि त्यानं ते सांभाळायचं, हा इथला करार आहे. तो मोडला तर मिलिशिया, म्हणजे नागरिकांची अर्धवेळ फौज, नावालाच उरेल.

कोत_नंबर_३:
मी भारतीय पायदळात २४ वर्षं काढली, आता सातारा जिल्ह्यात शेती बघतो. आमच्याकडे हत्यार कोतमध्ये, म्हणजे कंपनीच्या शस्त्रकोठारात. काढताना दस्त्यावरचा बट नंबर बघून सही, जमा करताना पुन्हा सही. एक हत्यार मोजणीत कमी भरलं तर अख्ख्या कंपनीला जेवण गोड लागायचं नाही. माझ्या रायफलवर माझा जीव होता, पण सुट्टीवर ती घरी न्यावी असं कधी मनातही आलं नाही. शिपाई घरी येतो तेव्हा बाप असतो, नवरा असतो. कधी कर्जानं पिचलेला असतो. लिम्माटकाठ यांचं बरोबर आहे.

एमेनची_वाट:
सुभेदारसाहेब, आदर आहे. पण तुमची पूर्णवेळची फौज. इथला शिपाई म्हणजे वर्षातले ४९ आठवडे सुतार, बँकेतला कारकून नाहीतर शिक्षक.

कोत_नंबर_३:
सुभेदार नाही, हवालदार म्हणून निवृत्त झालो. अहो, ४९ आठवडे सुतार आहे म्हणूनच त्या आठवड्यांत त्याला रायफल कशाला हवी?

मनोसेविका:
एक मुद्दा राहतोय, आणि मला तोच सगळ्यात मोठा वाटतो: आत्महत्या. २००३ च्या सुधारणेत स्विस लष्कराची संख्या जवळजवळ निम्मी केली, तेवढ्या बंदुका घरांतून कमी झाल्या. त्यानंतर १८ ते ४३ वयाच्या पुरुषांमधल्या आत्महत्या घटल्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज असा, की टळलेल्या बंदुकीच्या आत्महत्यांपैकी साधारण २२ टक्क्यांच्या जागी दुसरा मार्ग वापरला गेला. म्हणजे बाकीचे जगले. "ज्याला मरायचंय तो कसाही मरतो" हे वाक्य मी वॉर्डात रोज ऐकते, नातेवाइकांच्या तोंडून. ते खरं नाही. ती वेळ टळली की पुष्कळ माणसं जगतात.

एमेनची_वाट:
हा अभ्यास मला माहीत आहे, आणि त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. तरी सगळ्यांकडून रायफल काढून घ्यावी हे पटत नाही. खचलेल्या माणसाची लगेच काढून घ्या, कमांडरला तो अधिकार द्या, घरच्यांचं ऐका. इथले लोक अडून बसणारे नाहीत. २०१९ च्या सार्वमतात युरोपीय संघाचे बंदुकांबद्दलचे कडक नियम ६३.७ टक्क्यांनी मान्य केलेच ना?

लिम्माटकाठ:
तेव्हा शेंगेन, म्हणजे युरोपात सीमेवर तपासणीविना फिरायचा करार, पणाला लागलं होतं. आणि शिपायाच्या घरातल्या रायफलीला त्या नियमांनीही हात लावला नाही. राहिली गोष्ट खचलेल्या माणसाची. तो खचलाय हे घरच्यांना कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. आमचा मुलगा दहावीत असताना तीन महिने नीट जेवत नव्हता. आम्हाला वाटलं, अभ्यासाचा ताण. म्हणून हे लिहितोय.

एमेनची_वाट:
हे वाचून थांबलो. मत तेच आहे. पण मुलाला घेऊन एकदा आमच्या रेंजवर या. विशीपर्यंतच्या मुलांसाठी मंडळाचा वर्ग असतो. सासरे स्वतः शिकवतात, आणि मुलांशी बोलतातही.

लिम्माटकाठ:
येतो. रायफल मात्र मंडळाच्या कपाटातली द्या, आणि संध्याकाळी परत ठेवून घ्या.